कत आणि निब

फाउंटन पेनची जुनी निब काढून तिच्या जागी दुसरी बसवली असता लिखाण सुधारते, ही गोष्ट लेखनसाधनांची थोडीबहुत आवड असणाऱ्या कोणालाही नवी नाही. मात्र या साध्या विधानातील ‘सुधारते’ या क्रियापदामागे नेमके काय सुधारलेले असते, असे विचारले की उत्तर वाटते तितके सोपे राहत नाही. सुधारणा पेनात झाली म्हणावे, तर त्याचे टोपण, नळी आणि शाई पूर्वीचीच आहेत. हातात झाली म्हणावे, तर काल आणि आज यांच्या दरम्यान हात नवे काही शिकलेला नाही. आणि लिहिणाऱ्यात झाली म्हणावे, तर त्याच्या मनातला मजकूर जसाच्या तसा आहे. तरीही कागदावरचे अक्षर पालटलेले दिसते आणि ते पाहून लिहिणाऱ्याला स्वतःविषयीच बरे वाटू लागते, म्हणजे साधनात झालेल्या बदलाचे श्रेय कर्ता परस्पर आपल्या खात्यावर जमा करतो. साधन आणि कर्ता यांच्यामधली सीमा कोठे आखायची, हा भारतीय दर्शनांचा जुना प्रश्न आहे, आणि तो लेखणीच्या निमित्ताने विचारायचा असेल, तर बीड जिल्ह्यातील अंबाजोगाईइतके योग्य ठिकाण महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

निब बदलल्याने प्रत्यक्षात काय बदलते, ते आधी पाहणे इष्ट आहे. निब म्हणजे धातूचे पातळ, किंचित वळवलेले पान. त्याच्या मध्यावरून टोकापर्यंत एक अत्यंत अरुंद चीर गेलेली असते, चिरेच्या मागच्या अंगाला बहुधा एक छिद्र असते, आणि पोटाशी जीभ म्हणून ओळखली जाणारी, बारीक खाचा असलेली पट्टी बसवलेली असते. नळीतली शाई जिभेच्या खोबणीतून चिरेत येते, तिने सोडलेली जागा भरण्यासाठी हवा उलट दिशेने आत जाते, आणि अरुंद फटीत द्रव आपोआप ओढला जाण्याचा जो गुण आहे, ज्याला केशाकर्षण म्हणतात, त्याच्या जोरावर शाई टोकाशी येऊन थांबते व कागदाचा स्पर्श होताच उतरते. शाई आणि हवा यांची ही देवघेव सांभाळणाऱ्या जिभेचे पेटंट न्यूयॉर्कच्या लुईस वॉटरमन यांना १८८४ मध्ये मिळाले आणि त्यानंतर फाउंटन पेन भरवशाचे साधन झाले. निबच्या टोकावरच्या कणाला सर्रास इरिडियम म्हटले जात असले, तरी आज तो बहुधा ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन अशा कठीण धातूंच्या मिश्रणाचा असतो. पोलाद किंवा सोने कागदावर लवकर घासले जाईल, हा कण मात्र वर्षानुवर्षे टिकतो. म्हणूनच ‘निब हाताला मुरते’ या समजुतीत तथ्य आहे तितकाच अतिरेकही आहे, कारण कणाची झीज फार सावकाश होते; लवकर बदलतो तो चिरेच्या दोन्ही बाजूंच्या पात्यांचा कल आणि त्यांच्यामधले अंतर, आणि हा बदल हाताच्या दाबाने घडतो. परक्या हातात पेन गेले की बिघडते, सबब ते उसने देऊ नये, हा शाळा-कचेऱ्यांतला जुना दंडक त्या अर्थी अगदीच निराधार नव्हता.

पुढची बाब विचारासाठी अधिक महत्त्वाची आहे. काही पेनांत निब आणि जीभ नुसती दाबून बसवलेली असते, काहींत ती आट्यांनी फिरवून काढता येते. पाच किंवा सहा क्रमांकाच्या मापाची निब एका कारखान्याची आणि पेन दुसऱ्या कारखान्याचे, असा संयोगही जुळवता येतो. मात्र उत्तमातली उत्तम निब जिभेच्या मध्यरेषेवर नेमकी बसली नाही, किंवा दोहोंमध्ये केसाएवढी फट राहिली, तर शाई अडते किंवा ठिबकते, आणि तीच निब दुसऱ्या पेनात सुरळीत चालते. टेबलावर सुटी ठेवलेली निब चांगली असते ना वाईट. चांगलेपणा प्रकट होतो तो निब, जीभ, शाई, कागद आणि हाताचा कल एकत्र आल्यावर. नैयायिकांच्या भाषेत सांगायचे, तर हा गुण संयोगाच्या आश्रयाने दिसतो, आणि तो एकट्या अवयवाच्या नावावर चढवणे हा हिशेबातला घोटाळा आहे.

निबच्या आधी आपल्याकडे बोरू होता. बोरू म्हणजे नळासारख्या पोकळ गवताची काडी. ती चाकूने तासून, टोकाला चीर देऊन, मग टोक तिरके छाटून लेखणी तयार होई. या छाटणीला कत म्हणत, आणि हा शब्द मराठीत अरबी-फारसीकडून आलेला आहे. देवनागरीची कत रोमन लिपीच्या लेखणीच्या उलट कलाची असते, त्यामुळे उजवीकडून डावीकडे तिरक्या उतरणाऱ्या रेषा जाड आणि त्यांना छेदणाऱ्या रेषा बारीक येतात. नागरी अक्षराचे जे रूप आज छापील ठशांतही दिसते, ते या कलातून घडलेले आहे. शाईने भिजून टोक मऊ पडले, अक्षर फुगू लागले, की बोरू टाकून दिला जात नसे, तो पुन्हा तासला जाई. दर तासणीला तो बोटभर आखूड होई आणि अखेरीस चिमटीत धरता येईनासा झाला की मगच सुटे. निब आणि बोरू यांतला भेद येथे आहे, आणि तो धातू व गवत यांच्यातल्या भेदाहून खोल आहे. निब सुधारते म्हणजे एक जाते व दुसरी येते. बोरू सुधारतो म्हणजे तोच राहतो आणि कमी होतो.

बीडच्या उत्तरेस लागून असलेल्या जालना जिल्ह्यातील जांब या गावी जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेला दिला आहे. ब्रह्मनिरूपणाच्या ग्रंथात निरनिराळ्या प्रांतांचे बोरू जमवावेत, शाई, चाकू, कातर, आखणीची साधने यांची कशी सिद्धता ठेवावी, दोन ओळींतले अंतर कसे राखावे, याच्या सूचना याव्यात, याचे नवल वाटते. आणि तरुणपणी फार बारीक अक्षराची सवय लावू नये, कारण म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही, मध्यम अक्षराचा सराव ठेवावा, ही सूचना वाचताना तर समर्थांची नजर साधनापलीकडे लिहिणाऱ्याच्या वयावरही आहे, हे ध्यानात येते. लेखणी बदलता येते, डोळे बदलता येत नाहीत, इतके साधे सत्य त्यामागे आहे. (चष्म्याचा प्रतिवाद अर्थातच करता येईल, पण तो पुढे ज्या मुद्द्याकडे जायचे आहे त्याला पोषकच ठरतो.)

बीड जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे येथील दफ्तरांत मोडी आणि नागरीबरोबर उर्दूचाही वावर राहिला आणि बोरूला कलमाचा शेजार मिळाला. उर्दू ज्या नस्तालीक वळणाने लिहिली जाते, त्या वळणाच्या शास्त्रात अक्षराची उंची इंचात किंवा अंगुळात मोजत नाहीत. कलमाची कत कागदावर एकदा टेकवली की जो तिरका चौकोनी ठिपका उमटतो, तो नुक्ता, आणि अलिफ किती नुक्त्यांचा, बे किती नुक्त्यांची, असे प्रमाण ठरते. म्हणजे साधनच येथे माप आहे. कलम बदलले तर सगळे अक्षर लहान किंवा मोठे होईल, प्रमाण मात्र ढळणार नाही. साधनाच्या बदलाने काय बदलते आणि काय बदलत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतही सहजी मिळत नाही.

अंबाजोगाईला मराठी वाङ्मयात दोन कारणांनी स्थान आहे. परंपरेने शके १११०, म्हणजे इसवी सन ११८८ मध्ये रचला गेल्याचे मानलेल्या, आणि ज्याच्या कालाविषयी अभ्यासकांत मतभेद असलेल्या ‘विवेकसिंधू’चे कर्ते मुकुंदराज यांची समाधी तेथे आहे, आणि सोळाव्या शतकातील दत्तभक्त कवी दासोपंत (१५५१–१६१५) यांचे वास्तव्य व समाधीही तेथेच आहे. दासोपंतांची लेखनसंख्या कोणालाही दिपवणारी आहे: एकट्या ‘गीतार्णव’ या गीताटीकेची ओवीसंख्या सव्वा लाख सांगितली जाते. रोज एका ढब्बू पैशाची शाई संपेपर्यंत ते लिहीत, अशी आख्यायिका आहे. परंतु या विषयाच्या दृष्टीने त्यांची सर्वांत लक्षणीय कृती म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे जाड सुती पांघरूण. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा कापडावर दासोपंतांनी ‘पंचीकरण’ हे वेदान्तप्रकरण लिहून काढले, आणि ती पासोडी अंबाजोगाईत जपली गेली. कापडावर लिहिणे कागदावर लिहिण्याहून अवघड, कारण विणीचे धागे शाई शोषतात आणि पसरवतात, बारीक टोक धाग्यात अडते; अशा पृष्ठावर लेखणी रुंद कतीची आणि हात हलका असावा लागतो. शरीर हे वस्त्र आहे आणि देही ते टाकून दुसरे घेतो, असा गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला दृष्टान्त सर्वपरिचित आहे; त्या गीतेवर प्रचंड टीका लिहिणाऱ्या पुरुषाने देहाची घडण सांगणारे प्रकरण प्रत्यक्ष वस्त्रावरच लिहावे, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

‘पंचीकरण’ या शब्दातले ‘करण’ म्हणजे साधन नव्हे, हे येथे स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्याचा अर्थ ‘पाचांचे करणे’ असा आहे. आकाश, वायू, तेज, आप आणि पृथ्वी ही सूक्ष्म भूते स्थूल रूपाला येताना प्रत्येक भूताचा अर्धा भाग स्वतःचा राहतो आणि उरलेल्या अर्ध्यात इतर चौघांचा प्रत्येकी एक अष्टमांश मिसळतो, अशी ही प्रक्रिया आहे. म्हणजे शुद्ध माती किंवा शुद्ध पाणी असे जगात काही नाही. प्रत्येक वस्तू उसन्या भागांनी भरलेली आहे आणि तरीही अर्ध्या हिश्शाच्या बळावर तिला तिचे नाव मिळते. मराठी पंचीकरणात पुढे देहातली तत्त्वे पाच-पाचांच्या गटांनी मोजली जातात, आणि त्या मोजणीत हात, वाणी यांसारखी कर्मेंद्रिये जशी येतात तसे अंतःकरणही येते. अंतःकरण या शब्दाचा व्यवहारात ‘हृदय’ असा हळवा अर्थ झाला असला, तरी त्याची फोड ‘आतले साधन’ अशी आहे: मन, बुद्धी, चित्त आणि अहंकार ही त्याची रूपे. सांख्यांनी तर एकूण तेरा करणे मोजली, त्यांतली दहा बाहेरची आणि तीन आतली. पेन हे हाताचे साधन, हात हे मनाचे साधन, आणि मन हेही पुन्हा कोणाचे तरी साधनच, असा हा क्रम आहे. आणि ज्याला ‘मी लिहितो’ असे वाटते तो अहंकारदेखील या यादीत साधनांच्याच रांगेत बसवलेला आहे, कर्त्याच्या आसनावर नव्हे.

आता बदलाचा प्रश्न. निब बदललेले पेन तेच पेन आहे काय? न्याय-वैशेषिकांचे उत्तर कडक आहे. अवयवी, म्हणजे अवयवांनी घडलेली पूर्ण वस्तू, ही अवयवांहून निराळी असून त्यांच्यात समवाय नावाच्या नित्य संबंधाने राहते. म्हणून एखादा तंतू काढला की जुना पट नष्ट होतो आणि उरलेल्या तंतूंतून ‘खंडपट’ नावाचा नवा पट उत्पन्न होतो. त्या हिशेबाने निब काढताक्षणी जुने पेन संपले. मग ‘हे तेच पेन’ ही ओळख कशी पटते? ती सादृश्यामुळे, जशी क्षणाक्षणाला नवी होणारी दिव्याची ज्योत एकच वाटते. बौद्धांनी याहून पुढचे पाऊल टाकले: ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला रथाचे चाक, आस, जू एकेक करून विचारतो आणि रथ नावाची वेगळी वस्तू त्यांत कोठेच नाही, ते केवळ व्यवहारापुरते नाव आहे, हे कबूल करायला लावतो. वेदान्त या दोहोंच्या मधून वाट काढतो. ‘तो हा देवदत्त’ या प्रसिद्ध उदाहरणात पूर्वी पाहिलेल्या देवदत्ताची तेव्हाची जागा व वेळ आणि आताची जागा व वेळ हे परस्परविरोधी भाग सोडून केवळ व्यक्ती घ्यायची असते. शब्दाच्या अर्थातला एक भाग टाकून दुसरा ठेवणाऱ्या या पद्धतीला भागत्यागलक्षणा म्हणतात, आणि महावाक्याचा अर्थ लावताना आचार्य तिचाच आधार घेतात. पेनच्या बाबतीत हा उपाय लावला तर गंमत होते: विरोधी भाग सोडत गेले की निब जाते, जीभ जाते, नळी जाते आणि शेवटी हाती काहीच उरत नाही. देवदत्ताच्या बाबतीत काहीतरी उरते, असा वेदान्ताचा दावा आहे. पेनच्या बाबतीत उरत नाही. जड आणि चेतन यांच्यातला भेद याहून सोप्या रीतीने दाखवता येणे कठीण आहे, आणि नैयायिक पेनविषयी बरोबर असतील तर त्यावरून ते देवदत्ताविषयीही बरोबर ठरतात असे नाही.

करणाची व्याख्या व्याकरणानेही केली आहे. क्रिया सिद्ध होण्यास जे सर्वांत अधिक उपकारक ते करण, असे पाणिनी मानतो. नैयायिक त्यात भर घालतात की ते असाधारण कारण असून व्यापाराने, म्हणजे मधल्या एखाद्या क्रियेच्या द्वारे, फळ देणारे असावे, जशी कुऱ्हाड लाकडाशी होणाऱ्या आघाताच्या द्वारे तोडण्याचे फळ देते. ‘सर्वांत अधिक उपकारक’ या शब्दांत एक मोठी कबुली दडलेली आहे: त्या क्रियेपुरते साधन कर्त्याहूनही निकटचे आहे. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत, ती अधिष्ठान म्हणजे देह, कर्ता, नानाविध करणे, निरनिराळ्या चेष्टा आणि पाचवे दैव. आणि या पाचांना न जुमानता जो एकट्या स्वतःला कर्ता समजतो त्याची बुद्धी संस्कार न झालेली आहे, असा निर्वाळा तेथेच दिला आहे. नव्या निबने अक्षर सुधारल्यावर आरशासमोर उभा राहणारा लेखक याच सदरात मोडतो. उलट अक्षर बिघडल्यावर निबला शिव्या देणारा ‘नाचता येईना अंगण वाकडे’ या म्हणीच्या हवाली होतो. दोन्ही वेळा पाचांपैकी एकालाच सगळे श्रेय किंवा सगळा दोष दिला जातो, इतकाच त्यांच्यातला सारखेपणा.

गीतेतला दुसरा एक शब्द, निमित्त, मराठी भक्तिपरंपरेत फार रुजला. अर्जुनाने केवळ निमित्त व्हावे, असे अकराव्या अध्यायात सांगितले आहे. आणि त्यावरून ‘लिहिणारा तो, मी नुसती लेखणी’ हा नम्रतेचा साचा तयार झाला, जो आज पुस्तकांच्या मनोगतांतून इतक्या सहजपणे वापरला जातो की त्याची धार पार गेलेली आहे. जुन्या पोथ्यांच्या लेखनिकांनी या साच्याचा उपयोग वेगळ्या कामासाठीही केला. पोथीच्या शेवटी लेखनिक एक ठरावीक श्लोक घालत, ज्याचा भावार्थ असा की समोर जशी प्रत होती तशीच उतरवली आहे, शुद्ध असो वा अशुद्ध, दोष लिहिणाऱ्याचा मानू नये. साधन होण्यातली ही सोय आहे. लेखणी म्हटले की चुकीची जबाबदारी टळते. आणि त्याच लेखनिकांच्या हातांतून ज्ञानेश्वरीच्या प्रतींत इतके अपपाठ शिरले की बीड जिल्ह्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या पलीकडच्या काठावर, पैठणला, एकनाथांना शके १५०६ मध्ये (इसवी सन १५८४) तिची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली. ज्ञानदेवांचा मजकूर शके १२१२ मध्ये नेवाशास लिहून घेणाऱ्या सच्चिदानंदबाबांना ज्ञानेश्वरीच्या अखेरीस लेखक म्हटले आहे, म्हणजे त्या काळी लेखक हा शब्द उतरवून घेणाऱ्यासाठी होता. पण उतरवून घेणे हीदेखील जबाबदारीच होती, हे पुढच्या तीन शतकांच्या प्रतींनी सिद्ध केले. एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या जागी स्वतःची टीका बसवली नाही, पाठात भर घालणाऱ्यालाही त्यांनी बजावले. फुगलेले, मऊ पडलेले टोक तासून पुन्हा मूळ रेषेवर आणले. ही निब बदलणे नव्हे, ही कत आहे.

यावरून निमित्ताचा अर्थ थोडा वेगळा लावावा लागतो. चांगले साधन म्हणजे निष्क्रिय साधन नव्हे. न तासलेली गवताची काडी पूर्णपणे निरहंकारी असेल, पण तिने लिहिता येत नाही. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूत आपल्या चोवीस गुरूंची कथा यदुराजाला सांगतो. परंपरेने हा अवधूत म्हणजे दत्तात्रेय, आणि म्हणून दासोपंतांसारख्या दत्तभक्तासाठी तो स्कंध घरचाच. त्या चोवीस गुरूंत एक बाण करणारा कारागीर आहे, जो बाणाची काडी सरळ करण्यात इतका गढलेला असतो की शेजारून राजाची स्वारी वाजतगाजत निघून जाते आणि त्याला पत्ता लागत नाही. एकाग्रतेचा धडा म्हणून ही कथा सांगितली जाते, ते योग्यच आहे. परंतु त्या कारागिराचे लक्ष लक्ष्यावर नाही, बाणावर आहे, याकडे सहसा कोणी पाहत नाही. शर म्हणजे मुळात बोरूच्याच जातीचे गवत. साधन सरळ करणे हीच त्याची साधना झाली, आणि संस्कृतात हे दोन्ही शब्द एकाच धातूतून निघाले आहेत, हे निव्वळ शब्दकोशापुरते सत्य राहिलेले नाही.

अंतःकरणाला निबचा न्याय लावायचा की बोरूचा, हा येथे खरा धार्मिक प्रश्न उभा राहतो. मंत्र लागू पडला नाही म्हणून दुसरा, गुरू पटला नाही म्हणून तिसरा, एका गडाची वारी सोडून दुसऱ्या गडाची, अशी अदलाबदल करणारे साधक प्रत्येक पिढीत असतात, आणि निब बदलणाऱ्याप्रमाणेच त्यांना पहिले काही दिवस अक्षर सुधारल्याचा अनुभवही येतो. तो अनुभव खोटा नसतो. अवधूताचेच चोवीस गुरू होते, असा त्यांचा युक्तिवादही निरुत्तर करणारा वाटतो. पण अवधूताने एकामागून एक गुरू टाकले नाहीत, पृथ्वीपासून भुंग्यापर्यंत प्रत्येकाने त्याच्या एकाच बुद्धीवर एकेक कत घेतली. वेदान्त ज्याला चित्तशुद्धी म्हणतो ती या प्रकारची आहे: मन टाकून दुसरे आणता येत नाही, कारण आणणारेही मनच असते, त्याला तासता येते, आणि दर तासणीला ‘मी’ थोडा आखूड होतो. तरीही बोरूचा पक्ष सरसकट घेणे अन्यायाचे होईल. उभा चिरलेला बोरू कितीही तासला तरी चालत नाही, त्याला टाकणे हाच विवेक; आणि ज्या संस्थेची किंवा आचाराची चीर बुडापर्यंत गेलेली आहे, तिला तासत बसणे ही निष्ठा नसून आळस आहे. मराठवाड्याच्या धर्मजीवनाचा इतिहास पाहिला तर तासण्याची वेळ कोणती आणि टाकण्याची कोणती, हे ओळखण्यात चुका दोन्ही बाजूंनी झालेल्या दिसतात, मात्र न टाकण्याच्या चुका अधिक.

साधने बदलत किंवा तासत गेले, तर शेवटी कोठे थांबायचे, याचे उत्तर ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील तिसऱ्या पादात एका सुताराच्या दृष्टान्ताने दिले आहे. जीव कर्ता आहे की नाही, या वादात सूत्रकार सुताराकडे बोट दाखवतो आणि शंकराचार्य त्याचे विवरण असे करतात की वाकस हातात असेपर्यंत सुतार कर्ता असतो व कष्टी असतो, आणि तोच घरी जाऊन हत्यारे खाली ठेवतो तेव्हा स्वस्थ आणि सुखी असतो. आत्म्याचे कर्तेपण असेच साधनांच्या उपाधीने आलेले, उपाधी म्हणजे जवळ असल्यामुळे आपला रंग दुसऱ्यावर चढवणारी वस्तू. दृष्टान्त सुरेख आहे, पण त्यात एक अडचण आचार्यांनाही दिसली असावी, कारण त्यांनीच पुढे नमूद केले की सुताराला हात तरी असतात, आत्म्याला हत्यार उचलायला तसे अवयव नाहीत. सुतार हत्यारे ठेवतो तेव्हा हात त्याच्यापाशीच राहतात. लिहिणारा पेनला टोपण लावतो, तेव्हा लिहू पाहणारे मन मिटत नाही. रात्रभर ते कागदाविनाच ओळी जुळवत राहते. म्हणून वेदान्ताला हत्यार खाली ठेवण्याहून अधिक काहीतरी अभिप्रेत आहे: ज्याच्यासमोर निब, हात, मन आणि ‘मी लिहितो’ ही जाणीवदेखील येते व जाते, त्या साक्षीकडे पाहणे. तो साक्षी लिहीत नाही, म्हणून त्याचे अक्षर सुधारण्याचा किंवा बिघडण्याचा प्रश्नच येत नाही. ‘विवेकसिंधू’च्या नावातला विवेक म्हणजे पाहणारा आणि पाहिली जाणारी वस्तू यांची हीच निवड, आणि ती दासोपंतांच्या फार पूर्वी मराठीत सांगून झाली होती.

मग दासोपंतांनी पासोडी लिहिली कशासाठी, असे कोणी विचारील. साक्षी लिहीत नसेल तर चाळीस फूट कापड भरण्याचे कारण काय? परंपरेचे उत्तर उपासनेचे आहे: लिहिणे हेच त्यांचे दत्तपूजन. कार्यकारणाच्या भाषेत पाहिले तर घटाला माती हे उपादान, म्हणजे ज्यातून वस्तू घडते ते द्रव्य, आणि कुंभाराचा दंड हे निमित्त. तसे अक्षराला शाई हे उपादान आणि लेखणी हे निमित्त. शाई अक्षरात जाऊन राहते, लेखणी अक्षराबाहेर राहते. आख्यायिकेने दासोपंतांच्या दिवसाचा हिशेब ढब्बू पैशाच्या शाईत ठेवला आहे. त्या शाईसाठी किती बोरू तासले आणि किती आखूड होऊन संपले, याची मोजदाद तिने केलेली नाही.